थायरॉईडचं ऑपरेशन, आवाजाची नस आणि ते आवाज करणारं मशीन

गळसरी

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी सांगलीची, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, वय ४४. दिवसाला पाच-सहा तास, ते पण साठ-साठ मुलांच्या वर्गात. शिवाय आमच्या भजनी मंडळात मी पुढे गाते. गळ्यात उजव्या बाजूला चार सेंटीमीटरची गाठ आहे, डावीकडे दोन बारक्या आहेत. सुईच्या तपासणीत 'बेथेस्डा ४' आलंय. म्हणजे कॅन्सर आहे असंही नाही आणि नाही असंही छातीठोक सांगता येत नाही. मिरजेतल्या सर्जननी ऑपरेशन सांगितलंय. बोलता बोलता ते म्हणाले, "आवाजाची नस जवळून जाते. नर्व्ह मॉनिटर हवा असेल तर सांगा, त्याचा खर्च वेगळा." घरी आल्यावर डोक्यात तेवढंच फिरतंय. यजमान म्हणतात, आवाजाचा प्रश्न आहे तर पैशाकडे बघू नको. मोठे दीर म्हणतात, हॉस्पिटलवाल्यांचं बिल वाढवायचं नवीन साधन.

हे मशीन नक्की काय करतं? ते लावलं की आवाज जाणार नाही, असं आहे का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा. घाबरवणारे पण चालतील.

सोनचाफा

गळसरी ताई, आधी दीर्घ श्वास घ्या. माझं झालंय ऑपरेशन, मी आज फोनवर तासभर बोलते आणि घरचे कंटाळतात. सविस्तर रात्री लिहिते.

वाडीकर

मिरजेत तंबोरे आणि डॉक्टर दोन्ही चांगले मिळतात, काळजी नको. :) डॉक्टर लोक येतीलच, मी पण वाचतोय. बहिणीला गाठ आहे.

चिकित्सक_आजोबा

दिरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. २०१९ साली कोक्रेननं (वैद्यकीय पुरावे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) या विषयावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. डोळ्यांनी नस शोधून केलेलं ऑपरेशन आणि मशीन लावून केलेलं ऑपरेशन यांत मशीन सरस आहे, असा ठाम पुरावा त्यांना सापडला नाही. वाचा आणि मग खिशात हात घाला.

टाकेवाला

मी थायरॉईडची ऑपरेशनं करतो. आजोबांनी कोक्रेनचं सांगितलं ते खरं आहे, त्यावर खाली येतोच. आधी शरीररचना, नाहीतर चर्चा हवेत राहील.

स्वरयंत्राला पुरवठा करणाऱ्या नसा प्रत्येक बाजूला दोन. धोक्याची म्हणून जिचं नाव सगळे घेतात ती रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस या लांबलचक नसेची ही फांदी. ती व्हेगसबरोबर आधी छातीपर्यंत खाली जाते आणि तिथून माघारी वळून वर येते. डावीकडची महारोहिणीच्या कमानीला वळसा घालते, उजवीकडची हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला. मग श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून, थायरॉईडच्या बरोबर पाठीमागून ती स्वरयंत्रात शिरते. जाडी साधारण दोन मिलिमीटर. शंभरात एखाद्या माणसात उजवीकडची नस खाली जातच नाही, गळ्यातच आडवी वळते. हे माहीत नसलेल्या हाताखाली ती सहज कापली जाऊ शकते.

स्वरतंतू उघडणं-मिटणं या नसेवर चालतं. एका बाजूची दुखावली तर तो स्वरतंतू मध्येच थिजतो. आवाज घोगरा, हवा सुटल्यासारखा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर प्रश्न आवाजाचा उरत नाही, श्वासाचा होतो. तंतू मधोमध येऊन वाट अडवतात आणि कधी कधी गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागते. माझ्यासारख्या माणसाची झोप उडवणारी गोष्ट ती हीच.

आता एक गोष्ट लोकांना माहीत नसते. नस कापली जाणं हे अनुभवी हातात फार क्वचित होतं. जास्त वेळा ती ताणली जाते. थायरॉईडची पाळ (म्हणजे तिचा एका बाजूचा भाग) उचलून पुढे ओढतो तेव्हा नस स्वरयंत्रात शिरते त्या जागी, थायरॉईडला श्वासनळीशी बांधून ठेवणाऱ्या बेरीच्या बंधाजवळ, तीही ओढली जाते. किंवा रक्तस्राव थांबवायच्या उपकरणाची उष्णता लागते. अशी नस डोळ्यांना जशीच्या तशी दिसते. सलग, पांढरी, सुंदर. आणि काम करत नाही.

मशीनचा जन्म या फटीतला आहे. डोळा सांगतो नस आहे. मशीन सांगतं नस चालू आहे की नाही.

गळसरी

डॉक्टर, खूप आभार. हे कोणी इतकं समजावून सांगितलंच नव्हतं. चालू आहे ते कळतं कसं पण?

भुलवणारा

हा माझा प्रांत. मी भूल देतो, नळी घालणारा माणूस मीच.

साध्या श्वासनलिकेच्या नळीऐवजी एक खास नळी घालतो. तिच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड असतात आणि ते बरोबर दोन्ही स्वरतंतूंना टेकतील अशी ती बसवायची. सर्जनच्या हातात काडीसारखा प्रोब. त्यातून एक मिलिअँपिअरच्या आसपास अगदी छोटा विद्युतप्रवाह सोडतात. टोक नसेला लागलं की स्वरतंतूचा स्नायू आकसतो, इलेक्ट्रोड ते पकडतात, पडद्यावर लाट उठते आणि आवाज येतो. टोक चरबीला किंवा रक्तवाहिनीला लागलं तर शांतता.

माझ्या बाजूच्या गोष्टी ज्या कोणी लिहीत नाही:

स्नायू शिथिल करणारं औषध नेहमीसारखं दिलं तर नस कितीही ठणठणीत असो, स्नायू हलणारच नाही. म्हणून फक्त नळी घालण्यापुरतं, लवकर उतरणारं औषध द्यायचं, किंवा त्याचा उतारा द्यायचा. मग पेशंट हलू नये म्हणून भूल चांगली खोल ठेवावी लागते. नळीला बधिर करणारी जेली लावायची नाही. आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी: नळी बसवल्यावर खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकतात, तेव्हा नळी जागची सरकते. म्हणून मान टाकून झाल्यावर व्हिडिओ दुर्बिणीनं परत बघायचं. हे न बघता सुरू केलेलं मॉनिटरिंग म्हणजे भिंतीला स्टेथोस्कोप लावण्यासारखं. मशीन चालू आहे, बिल चालू आहे, माहिती शून्य.

तेव्हा ताई, भूलतज्ज्ञालाही विचारा की त्यांनी या नळीवर काम केलंय का.

चिकित्सक_आजोबा

छान. पण माझा मुद्दा तसाच आहे. एवढं सगळं करून निकालात फरक का दिसत नाही?

टाकेवाला

आजोबा, प्रश्न रास्त आहे.

कायमची इजा अनुभवी हातात शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. तात्पुरती त्यापेक्षा बरीच जास्त. आता एका टक्क्याचा अर्धा टक्का झाला हे सिद्ध करायला हजारो रुग्ण दोन गटांत वाटावे लागतात. कोक्रेनच्या हाती पाच चाचण्या आणि दीड हजारांच्या आसपास रुग्ण होते. तेवढ्यात फरक दिसला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही, आणि आहे असाही होत नाही. पोलंडमधली १००० रुग्णांची चाचणी २००९ साली आली. तिच्यात तात्पुरत्या इजा कमी झाल्या, कायमच्या इजांमध्ये ठोस फरक दिसला नाही. मी पेशंटला हेच सांगतो. 'मशीन आहे म्हणून आवाज जाणार नाही' असं कोणी म्हणालं तर त्या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

मग मी ते वापरतो का? वापरतो, आणि मुख्य कारण वेगळं आहे. समजा दोन्ही बाजू काढायच्या आहेत. पहिली बाजू झाली. पाळ काढण्याआधी व्हेगसवर प्रोब टेकवला होता तेव्हा लाट ५०० मायक्रोव्होल्टच्या वर होती. पाळ काढल्यावर परत टेकवला तर ती १०० च्या खाली. नस डोळ्यांना धडधाकट दिसतेय. मशीन नसतं तर मी निवांत दुसरी बाजू काढली असती. आणि तिथली नसही रुसली असती तर? आता मात्र मी आधी नळी सरकलीय का, औषधाचा अंमल आहे का, तारा नीट आहेत का ते बघतो, दुसऱ्या बाजूच्या व्हेगसवर टेकवून यंत्रणा चालू आहे ना याची खात्री करतो. लाट खरोखरच गेली असेल तर वीसेक मिनिटं थांबून परत बघतो. आली नाही तर टाके घालून बाहेर येतो. दुसरी बाजू पुढे कधीतरी, पहिली नस सावरल्यावर. थायरॉईडचे बहुतेक कॅन्सर हळू वाढणारे असतात, तेवढी वाट बहुतेक वेळा बघता येते. नर्व्ह मॉनिटरिंगवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचा २०१८ चा सल्लाही याच दिशेचा आहे.

मशीन इजा टाळेलच असं नाही, पण दुसरी इजा टाळायचा निर्णय माझ्या हातात देतं. आणि हा निर्णय भूल दिल्यावर पेशंटला विचारता येत नाही. म्हणून गळसरी ताई, तुमच्या सर्जनना जो प्रश्न विचारायचा तो 'मशीन आहे का' हा नाही. 'पहिल्या बाजूला सिग्नल गेला तर तुम्ही थांबणार का?' हा विचारा. थांबणार असतील तर तसं संमतीपत्रावर लिहून घ्या. एकाऐवजी दोनदा ऑपरेशन होऊ शकतं हे घरच्यांना आधी माहीत हवं. नाहीतर बाहेर आल्यावर नातेवाईक म्हणतात, "अर्धवट का सोडलं?"

नेकारकाठ

जर्मनीतून. इथे माझ्या बायकोचं गेल्या वर्षी झालं. मॉनिटर लावायचा का हे कोणी विचारलंच नाही, इथे ते जवळपास गृहीतच धरलेलं असतं. उलट आदल्या दिवशी सर्जन बाईंनी सिग्नल गेला तर दुसरी बाजू नंतर करू, हे स्वतःहून कागदावर दाखवलं आणि सही घेतली. तेव्हा आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. वरचा प्रतिसाद वाचून आज कळलं ते काय होतं.

सोनचाफा

लिहिते म्हणाले होते. माझं दहा वर्षांपूर्वी झालं, मॉनिटर नव्हता. शुद्धीवर आले तर आवाज म्हणजे नुसती हवा. "टाके दुखतात म्हणून असेल, होईल नीट" असं राऊंडवर सांगितलं आणि घरी पाठवलं. चहाच्या प्रत्येक घोटाला ठसका. महिनाभर कोणी गळ्यात दुर्बीण घालून बघितलं नाही. शेवटी मी स्वतःच दुसऱ्या कान-नाक-घसावाल्यांकडे गेले, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की डावा स्वरतंतू हलत नाहीये. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, त्यानं काही साधणार नाही.

मग स्पीच थेरपी. पाचव्या महिन्यात एक दिवस भाजीवाल्याला हाक मारली आणि त्यानं चक्क मागे वळून बघितलं. आता बोलणं पूर्ण चांगलं आहे, ओरडता मात्र येत नाही. राग मला नस दुखावल्याचा नाही हो, ते होऊ शकतं. महिनाभर कोणी बघितलं नाही याचा आहे.

अआइई

मी स्पीच थेरपिस्ट. सोनचाफा, तुमच्यासारखे पेशंट आमच्याकडे उशिरानेच येतात.

ज्यांचं व्हायचंय त्यांच्यासाठी. ऑपरेशनच्या आधी स्वरतंतू दुर्बिणीतून बघून घ्या. एक तंतू आधीपासूनच अधू असला तरी दुसरा सांभाळून घेतो आणि आवाज ठीक वाटतो. अशा माणसाची चांगली बाजू दुखावली तर काय होईल ते टाकेवाला यांनी लिहिलंच आहे. ऑपरेशननंतरही एकदा बघून घ्या, आवाज बरा वाटला तरी. आणि आधी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा: थोडं बोलणं, एक उतारा वाचून, 'आ' एका श्वासात जमेल तितका वेळ, गाणाऱ्यांनी खालपासून वरपर्यंत सरगम. नंतर "पहिल्यासारखा नाही वाटत" या वाक्याला काहीतरी माप लागतं.

दुसरं, ऑपरेशननंतर आवाज बसला म्हणजे नसच गेली असं नाही. नळीमुळे सूज असते, गळ्याचे पुढचे स्नायू बाजूला केलेले असतात. हे सहसा काही आठवड्यांत निवळतं. नस ताणली गेली असेल तर आठवडे ते महिने, कधी वर्षापर्यंत. त्या काळात कुजबुजत बोलू नका आणि जोर लावून खाकरू नका. ठसका लागत असेल तर कोणत्या बाजूला मान वळवून गिळायचं ते आम्ही शिकवतो, फार साधी युक्ती आहे.

नसच परत आली नाही तरी दार बंद होत नाही. अधू तंतूत इंजेक्शननं भरणी करून तो मध्याकडे सरकवता येतो. कायमसाठी बाहेरून छोटी खिडकी करून आधार बसवतात. जपानच्या इशिकी यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही थायरोप्लास्टी आज आपल्याकडेही होते.

मंद्रसप्तक

गळसरी, तुम्ही गाता म्हणून लिहितो. वर सगळे एकाच नसेबद्दल बोलतायत. दुसरी आहे तिच्याकडे गाणाऱ्यांनी जास्त लक्ष द्यायला हवं. सुपीरियर लॅरिंजियलची बाहेरची फांदी. ती क्रिकोथायरॉईड नावाच्या स्नायूला जाते, स्वरतंतू ताणून स्वर वर चढवायचं काम त्याचं. ही दुखावली तर बोलणं जवळपास ठीक राहतं, वर्गही घेता येईल. तार सप्तक मात्र जातं, आवाज लवकर थकतो. आणि दुर्बिणीतून फारसं काही दिसत नाही, म्हणून डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे.

इटालियन गायिका अमेलिता गाल्ली-कुर्ची यांचं उदाहरण सगळीकडे देतात. १९३५ मध्ये शिकागोत त्यांच्या मोठ्या गलगंडाचं ऑपरेशन झालं, जागेपणी, फक्त जागा बधिर करून. नंतर आवाज पूर्वीचा राहिला नाही आणि दोष या नसेवर आला. सर्जनांच्या पिढ्या ही गोष्ट ऐकत वाढल्या. पण २००१ मध्ये एका शल्यविषयक नियतकालिकात ही गोष्ट तपासून काढली गेली. ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून समीक्षक त्यांच्या उतरत्या आवाजाबद्दल लिहीत होते. तेव्हा नसेवर घातलेला आळ बहुधा खोटा. मला स्वतःला ही दुरुस्ती जास्त आवडते. पन्नाशी ओलांडलेल्या गायिकेचा आवाज उतरला हे मान्य करण्यापेक्षा सर्जनला खलनायक करणं सोपं गेलं असावं.

टाकेवाला

मंद्रसप्तक, उत्तम मुद्दा काढलात. ही फांदी थायरॉईडच्या वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्यांना अगदी लगटून जाते. त्या वाहिन्या एकगठ्ठा बांधल्या तर तीही त्यात अडकते. सुटी सुटी करून, पाळीला चिकटून बांधायच्या. इथे प्रोब फार कामाचा आहे आणि पडदासुद्धा लागत नाही. नसेला टेकवला की क्रिकोथायरॉईड स्नायू डोळ्यांसमोर फडफडतो. गळसरी ताई, पहिल्या भेटीत "मी गाते" हे सांगा. केसपेपरवर लिहायला लावा.

आणि एक राहिलंच. तुमची दोन्ही बाजू काढणार आहेत की उजवीच?

गळसरी

पूर्ण काढू म्हणाले होते, डावीकडे पण गाठी आहेत म्हणून.

टाकेवाला

तपासल्याशिवाय मत देणं बरोबर नाही. पण बेथेस्डा ४ ला आधी फक्त गाठीची बाजू काढून तिचा रिपोर्ट बघणं हा मान्य पर्याय आहे. डावीकडच्या बारक्या गाठी सोनोग्राफीत निरुपद्रवी दिसत असतील तर हे जरूर विचारा. एकच बाजू केली तर दोन्ही नसांचा प्रश्नच मिटतो. दोन्ही बाजू काढल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरण्याची भीती असते, तीही जवळपास जाते आणि अनेकांना थायरॉईडची आयुष्यभराची गोळी लागत नाही. उलट बाजू अशी की रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तर काहींना परत आत जावं लागतं. हे तुम्ही आणि तुमच्या सर्जननी मिळून ठरवायचं.

पॉलिसीधारक

खर्चाचं लिहितो. ती खास नळी एकदा वापरायची वस्तू आहे आणि विमा कंपन्या अशा गोष्टींवरून वाद घालतात. आमच्याकडे क्लेममधून तेवढी रक्कम कापली होती. ऑपरेशनआधीच्या मंजुरीच्या अर्जात तिचा उल्लेख करा, ती का गरजेची आहे याची सर्जनची चिठ्ठी जोडा. शिक्षिका असणं, आवाजावर पोट असणं हे त्या चिठ्ठीत आलं तर बरं.

वाडीकर

ही नस शोधली कोणी पहिल्यांदा? की मशीन आल्यावरच कळलं?

मंद्रसप्तक

दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेननं. ओरडणाऱ्या डुकराची ही नस लोकांसमोर कापून दाखवली, डुकराची धडपड चालू आणि ओरडणं बंद. बोलणं हृदयातून येतं असं मानणाऱ्या विद्वानांची तोंडंही त्या दिवशी बंद झाली असतील.

टाकेवाला

एवढं माहीत असूनही पुढे कितीतरी काळ सर्जनांचा कल नसेच्या वाटेला न जाण्याकडे होता, तिच्यापासून लांब राहिलं की ती वाचते असं मानून. बोस्टनच्या फ्रँक लेही यांनी १९३८ मध्ये उलट मांडलं की दर वेळी नस शोधा, डोळ्यांनी बघा, तरच ती वाचते. आजही पाया तोच. मॉनिटर त्यावरचा मजला.

चिकित्सक_आजोबा

शेवटच्या वाक्यासाठी टाकेवाला यांना पूर्ण गुण. मग तालुक्याच्या ठिकाणी, जिथे हे यंत्र नाही, तिथल्या पेशंटनं काय करायचं? सगळ्यांनी मिरज-पुणे गाठायचं का?

टाकेवाला

नाही आजोबा. मला निवडायला लावलं तर नेहमी थायरॉईड करणारा, मशीन नसलेला सर्जन मी घेईन. वर्षातून दोन-चार ऑपरेशनं करणारा मशीनवाला नको.

शिवाय मधला मार्ग आहे. साध्या नळीला चिकटवायचे इलेक्ट्रोड मिळतात. तेही नसले तर साधा नर्व्ह स्टिम्युलेटर घ्यायचा, भूलतज्ज्ञांकडे बहुतेक ठिकाणी असतोच. एक बोट स्वरयंत्राच्या मागे ठेवायचं आणि नसेला टेकवायचं. नस चालू असेल तर बोटाखाली स्नायूचा ठोका लागतो. लाटेची उंची कळत नाही, पण पहिल्या बाजूनंतर पुढे जायचं की थांबायचं एवढं ठरवायला तो ठोका पुष्कळदा पुरतो. स्नायू शिथिल करणारं औषध उतरलेलं हवं, एवढं भुलवणारा यांना आधी सांगून ठेवायचं.

भुलवणारा

आधी म्हणजे नळी घालायच्या आधी, डॉक्टर. चिरा दिल्यावर नाही. :)